मिऱ्यांच्या बंदरातून

भिवापूर, जि. नागपूर

प्रिय दिवाकर,
सप्रेम नमस्कार.

फोर्ट कोची आणि मट्टनचेरी या जुन्या बंदरभागात वाटाड्याबरोबर पायी हिंडत, ठिकठिकाणी थोडे थोडे खात आम्ही उभयतांनी जी सहल केली, तिच्याविषयी सविस्तर लिही असे तू म्हणाला होतास. पोटभर जेवणाची अपेक्षा ठेवशील तर तुझा विरस होईल. त्या बंदरावर कोण आले, कोण राहिले आणि त्यांनी चुलीवर काय ठेवले, हे घासाघासाला कळत जाते, हाच त्या फिरण्याचा खरा मोबदला आहे.

नागपूरहून केरळ एक्सप्रेसने एर्नाकुलम आणि तिथून बोटीने फोर्ट कोची गाठले. सुरुवात किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांपासून झाली. लांबलचक वाशांवर ताणलेले जाळे पाण्यात उतरवतात आणि मागच्या बाजूला दोरांना टांगलेल्या धोंड्यांच्या भाराने, चार-पाच जणांनी जोर लावून, ते वर उचलतात. आमच्यासमोर वर आलेल्या जाळ्यात मासळी मूठभर आणि जलपर्णी मात्र ढीगभर होती; आपल्या मामा तलावांची, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तळ्यांची, आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. १३४१ च्या महापुरात पेरियार नदीच्या मुखाकडचे जुने बंदर गाळाने भरले आणि कोचीचे नशीब उघडले, असे मानले जाते.

न्याहारीला अप्पम मिळाले. आंबवलेल्या तांदळाच्या पिठाचे, कडेला जाळीदार आणि मध्ये लुसलुशीत. सोबतची मासळीची आमटी लालभडक, तिला आंबटपणा कुडंपुळीचा. हे कोकमाच्याच जातीतले फळ, पण त्याची साल धुरावर वाळवून काळीकुट्ट केलेली असते आणि तो धुरकट वास रश्श्यात उतरतो. गोड्या पाण्यातल्या मरळीवर वाढलेल्या मला समुद्राच्या मासळीपेक्षा ही सालच अधिक भावली. डच वस्तीची खूण म्हणून ब्रूडर नावाचा मनुका घातलेला गोडसर पावही खाल्ला. त्याचे कौतुक मात्र जरा जास्तच होते.

मट्टनचेरीच्या बाजार रोडवर जुन्या वखारी आहेत. सुंठीचा आणि मिऱ्यांचा वास तिथल्या भिंतींनाच मुरलेला वाटतो. १५०० साली पोर्तुगीज जहाजे कोचीला आली ती या मिऱ्यांसाठीच. वास्को द गामा १५२४ मध्ये याच गावी वारला. आणि १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांना हुसकावले तेही याच व्यापारापायी. मला तिथे आपले मिरचीचे वावर दिसू लागले. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली. म्हणजे ज्या गलबतांनी इथले मिरे नेले, त्यांच्याच धन्यांनी भिवापुरी मिरचीच्या पूर्वजांना या देशात आणले. आपल्या सावजी रश्श्याचा जाळ ज्यांना अस्सल नागपुरी वाटतो, त्यांना हे सांगून पाहा, भांडण नक्की.

पुढे एका कोकणी घरी फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेल्या इडल्या मिळाल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबे इथे स्थिरावली. घरच्या आजी कोकणीत बोलत होत्या, आमच्या सौभाग्यवती वऱ्हाडीत, आणि सांबाराच्या फोडणीवर दोघींचे एकमत होण्यास वाटाड्याची गरज पडली नाही. द्रोण सोडवल्यावर इडलीला पानाचा जो मंद वास येतो, तो कुकरच्या साच्यात येणे नाही.

खटकले ते एवढेच की १५६८ च्या यहुदी प्रार्थनामंदिराजवळच्या गल्लीत आम्हाला खाण्यापेक्षा मसाल्याच्या दुकानांतच अधिक वेळ थांबवले. भाव ऐकून मी काहीच घेतले नाही. सौभाग्यवतींनी वेलची घेतली. शेवटी लिंबू पिळलेला, बिनदुधाचा सुलेमानी चहा झाला आणि दमट उकाड्याने आलेला शीण गेला.

तू जाणार असशील तर कापसाची वेचणी आटोपल्यावर, जानेवारीत जा. जून-जुलैत तिथे पाऊसही धो धो असतो आणि ट्रॉलरच्या मासेमारीवर बंदीही असते. सकाळची फेरी घे, उपाशी पोटी जा, आणि वहिनी मासे खात नसतील तर तसे नोंदणीच्या वेळीच सांग. केळीच्या आणि फणसाच्या पदार्थांवर त्यांची सोय छान होते.

तुझा,
मनोहर