आश्विन वद्यात भयकथा मोठ्याने वाचू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घट बसले की सीमाभागातल्या मराठी वाचनालयांत दिवाळी अंकांची नोंदणी सुरू होते. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे दिवस मराठी माणसाच्या वाचनाचे. पण अंक हाती पडेपर्यंत कपाटे बहुधा बंदच राहतात आणि त्यात मराठी भयकथा, गूढकथा, रहस्यकथांचा मोठा साठा धूळ खात असतो. 1848 पासून चालत आलेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयापासून खानापूर-निपाणीकडच्या एका खोलीच्या वाचनालयांपर्यंत सर्वांना आमची कळकळीची सूचना आहे. आश्विनातली संकष्टी उलटल्यापासून वसुबारसेपर्यंतचे आठ दिवस या पुस्तकांना द्यावेत आणि त्यात किमान तीन संध्याकाळी निवडक कथा मोठ्याने वाचाव्यात.

हेच आठ दिवस का, तर कोजागिरीनंतर चंद्रोदय रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकतो. संकष्टीच्या दिवशी लोक चंद्राची वाट पाहत उपाशी असतात, त्या दिवशी कोणी बसणार नाही. पंचमीपासून मात्र रात्री नवापर्यंत आकाश काळे असते. जूनअखेर बेळगावात सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, आश्विन सरताना सहाच्या सुमारास. म्हणजे सातला बसले तरी पुरेसा काळोख मिळतो आणि साडेआठला लहानथोर घरी पोचतात. भयकथा पावसाळ्यात वाचावी असे पुष्कळांना वाटते. पण खानापूर तालुक्यातल्या घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडच्या पावसात पत्र्यावर जो आवाज होतो, त्यात वाचणाऱ्याचे कुजबुजणे दुसऱ्या रांगेतही पोचत नाही. भीतीला शांतता लागते, आणि ती आपल्याकडे पाऊस गेल्यावरच मिळते.

आता निवड. बहुतेक कार्यक्रम इथेच फसतात, कारण तिन्ही प्रकार एकाच मापाने मोजले जातात. रहस्यकथा ही एकट्याने वाचायची गोष्ट आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार किंवा काळापहाड या नायकांच्या कथा वाचताना वाचक मागची पाने उलटून दुवा पुन्हा तपासतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. रहस्यकथा वाचायचीच असेल तर पात्रे पाचाहून अधिक नकोत आणि त्यांची नावे आधी फळ्यावर लिहून ठेवावीत. भयकथा मात्र कानासाठीच असते. नारायण धारपांच्या 'समर्थ' मालिकेतल्या कथा नवख्या श्रोत्यांना चांगल्या, कारण तिथे अमंगळाशी सामना करणारा कोणीतरी ठाम उभा असतो आणि माणसे धीर घेऊन घरी जातात. रत्नाकर मतकरींची गूढकथा यानंतरच्या बैठकीला ठेवावी. तिच्यात धक्का शेवटच्या परिच्छेदात, कधी शेवटच्या ओळीत येतो आणि उत्तर देऊन ती मोकळी होत नाही. पहिल्याच दिवशी ती वाचली तर निम्मे श्रोते "म्हणजे नेमकं झालं काय?" असे विचारतात आणि परिणाम चर्चेत विरून जातो. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी अनेक वाचनालयांत भयकथांच्या फळीवर सापडतात. त्यांना तिथून हलवावे. ते गूढ आहेत, पण भयकथाकार नव्हेत, आणि त्यांचे वाक्य डोळ्यांनी दोनदा वाचावे लागते.

लांबीचा हिशेब आधी करावा. मोठ्याने वाचताना मिनिटाला 110 ते 130 शब्द होतात. डेमी आकाराच्या, म्हणजे कथा-कादंबऱ्यांच्या नेहमीच्या, पानात साधारण 250 ते 300 शब्द बसतात. म्हणजे दहा-अकरा पानांची कथा पंचवीस मिनिटांत संपते, आणि श्रोत्यांचे अवधान तेवढेच टिकते. एका बैठकीला अशा दोनच कथा, मध्ये दहा मिनिटे चहा. कादंबरीतले प्रकरण तोडून वाचू नये. ज्यांनी पुढचे वाचलेले नाही ते अर्धवट राहतात आणि ज्यांनी वाचले आहे ते सांगून टाकतात.

पुस्तके बाहेर काढताना एक काम अगोदर करावेच लागते. रहस्यकथांच्या जुन्या प्रतींत शेवटची पाने आहेत का, ते तपासावे. स्वस्त कागदावरच्या या पुस्तकांना लोखंडी पिना असतात. आपल्या दमट हवेत त्या गंजतात, भोवतीचा कागद खातात आणि शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून बांधलेल्या पानांचा जुडगा, गळून पडतो. तीनशे पाने वाचून खुनी कोण ते कळलेच नाही, असा वाचक पुन्हा वाचनालयाकडे फिरकत नाही. पिना हलक्या हाताने काढून तीन भोके पाडून सुती दोऱ्याने शिवावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांवर पसरतो. मैद्याची पातळ खळ त्याच दिवशी शिजवून पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी लावावी. बुरशी आलेली पुस्तके उन्हात टाकू नयेत. सावलीत पंख्याखाली, पाने किंचित उघडी ठेवून उभी करावीत आणि पूर्ण कोरडी झाल्यावर, नाकाला फडके बांधून, मऊ ब्रशने इमारतीबाहेर झटकावीत. ओली असताना पुसली तर बुरशी कागदात घासली जाते. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर सरकवले तर पुढच्या पावसाळ्यात हाच त्रास निम्म्यावर येतो. आणि पहिल्या पाच-दहा पानांवर नजर टाकावी. खुन्याचे नाव समासात लिहून ठेवणारे वाचक प्रत्येक गावात असतात. तो मजकूर पेन्सिलीचा असेल तर खोडावा, शाईचा असेल तर त्यावर कागद चिकटवावा.

वाचणाऱ्याने कथा घरी दोनदा मोठ्याने वाचून यावे आणि थांबायच्या जागी पेन्सिलीने बारीक रेघ मारावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाक्याचा शेवट. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि सवयीने आपला आवाज नेमका तिथेच खाली पडतो. 'त्याने कंदील वर धरला. पलंगावर कोणीच नव्हते.' यातले 'नव्हते' गिळले गेले की मागच्या रांगेने पलंगावर कोणीतरी पाहिलेले असते आणि पुढची चार पाने त्यांच्यासाठी वाया जातात. आवाज हळू करायचा असेल तर वाक्याच्या सुरुवातीला करावा, शेवटची दोन अक्षरे मात्र स्पष्ट, सरळ टाकावीत. अशा वाक्यानंतर दोन-तीन सेकंद थांबावे. वाचणाऱ्याला तो विराम फार मोठा वाटतो, ऐकणाऱ्याला नाही. भुताचा आवाज काढू नये. घोगरा आवाज आला की मागच्या बाकावर हसू फुटते आणि ते आवरत नाही. बासरी, घुंगरू, मोबाइलवरचे संगीत यांतले काहीच नको. वेगही वाढवू नये. भीतीच्या जागी वाचणारा नकळत पळू लागतो, खरे तर तिथे रेंगाळायचे असते.

बैठक पंचवीस माणसांची ठेवावी, अर्धवर्तुळात, मागची रांग पंधरा फुटांच्या आत, म्हणजे ध्वनिक्षेपक लागत नाही. ट्यूबलाइट बंद करून वाचणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे पिवळसर प्रकाशाचा एक दिवा पुरतो. पूर्ण अंधार करून मोबाइलच्या उजेडात वाचले तर अक्षर डगमगते, ओळ चुकते आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत प्रकाश जातो. वीज गेली तर बॅटरीचा कंदील हाताशी असावा.

मुलांचा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. दहा वर्षांखालच्या मुलांना या बैठकीत बसवू नये. त्यांच्यासाठी दुपारी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचावा. उत्कंठेची पहिली गोडी तिथेच लागते. दहा ते तेरा वयाच्या मुलांना शेवटी उलगडा होणारी कथा ऐकवावी आणि ती पालकांसह.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. कथा वाचताना गावातल्या विहिरीचे, पडक्या वाड्याचे, एकट्या राहणाऱ्या बाईचे नाव गमतीनेही जोडू नये. नव्वदच्या दशकात कर्नाटकात गावोगाव दारांवर 'नाळे बा', म्हणजे उद्या ये, असे लिहिले जात होते. रात्री ओळखीच्या आवाजात हाक येते, दार उघडले की घात होतो, एवढीच ती वदंता. कथा म्हणून ती अस्सल आहे. एक दार, एक ओळखीचा आवाज, यापलीकडे तिला काही लागत नाही. पण ती खरी मानून माणसे रात्री दाराशी कान लावून बसली. अशा अफवांचा त्रास शेवटी गावातल्या दुबळ्या माणसालाच होतो. म्हणून सुरुवातीला लेखकाचे व कथेचे नाव घेऊन ही रचलेली कथा आहे, असे एका वाक्यात सांगावे. त्याने भीती तसूभरही कमी होत नाही. पितृपंधरवड्यात असे वाचन नको, असे अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना वाटते. आपला पंधरवडा त्यानंतरचा असल्याने तो वादही येत नाही.

पुस्तके कमी पडत असतील तर वाचनालयांनी आपसांत बदलून घ्यावीत. एका ठिकाणी धारपांच्या चार प्रती आणि शेजारच्या गावात एकही नाही, असे चित्र सर्रास आहे. वीस पुस्तकांची यादी दोन प्रतींत करावी, प्रत्येक पुस्तकाची पाने मोजून आकडा समोर लिहावा आणि परत घेताना पुन्हा मोजावीत, म्हणजे हरवलेल्या फर्म्यावरून भांडण होत नाही.

आपल्या दैनिकाने कोजागिरीपासून 'आजचे कार्यक्रम' या सदरात अशा बैठकांची वेळ, ठिकाण आणि कथेचे नाव छापावे, ही विनंती. कथानक मात्र छापू नये, दोन ओळींतही नको.

आपले,
गावोगावच्या वाचनालयांतील काही कार्यकर्ते
बेळगाव, खानापूर, निपाणी