हॅम्बुर्गमध्ये माणसं राहतात, आई

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. आपला फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि स्पीकरवर बाबा दोघांच्या वतीने बोलतात. म्हणून पत्र.

आधी आईचा प्रश्न. "रोज व्हिडिओ टाकतेस, त्यात नदी, पूल, बोटी आणि तुझे बूट. त्या गावात माणसं राहत नाहीत का गं?" राहतात, अठरा लाखांच्या वर. सकाळच्या गाडीत उभं राहायला जागा नसते. पण माझ्या व्हिडिओत ती पाठमोरी, लांबून किंवा कमरेखाली दिसतात, आणि ते मी मुद्दाम करते. इथे एखाद्याचं चित्र त्याला न विचारता चारचौघांत दाखवायचं नाही, असा कायदा १९०७ पासून आहे. एल्बे नदी दाखवताना ओघाने कुणी चालत गेलं तर हरकत नाही. कॅमेरा त्या माणसावरच रोखला, तर त्याला विचारायला हवं.

बाबा, हा कायदा आला कुठून ते तुम्हाला आवडेल. बिस्मार्क ३० जुलै १८९८ ला वारला, फ्रीड्रिक्सरूला, म्हणजे हॅम्बुर्गच्या अगदी जवळ. त्याच रात्री इथलेच दोन फोटोग्राफर गुपचूप घरात शिरले, मृतदेहाचे फोटो काढले आणि विकायला निघाले. घरच्यांनी कोर्टात धाव घेतली. फोटो रोखले गेले, दोघांना शिक्षाही झाली. पण माणसाचा स्वतःच्या चित्रावर हक्क असतो असं सांगणारं कलमच तेव्हा नव्हतं, त्यामुळे कोर्टाला 'परवानगीशिवाय घरात घुसलात' या मुद्द्यावर निकाल द्यावा लागला. ती उणीव नऊ वर्षांनी भरून काढली. जर्मनी ज्याने एक केला, त्याच्या मरणावरून पोरासोरांच्या फोटोंचा कायदा झाला! मी एका रविवारी तिथे जाऊन आले, लोकलने औम्यूलेपर्यंत आणि पुढे चालत. तो व्हिडिओ तुम्ही पाहिलात, पण "झाडं फार आहेत" एवढंच म्हणालात.

नकाशावर माझी इमारत धुरकट दिसते म्हणून तुम्ही घाबरला होतात, त्याचं कारणही हेच. गूगलने २०१० मध्ये इथल्या रस्त्यांचे फोटो टाकायचं ठरवलं, तेव्हा जवळजवळ अडीच लाख घरांनी 'आमचं घर पुसा' असे अर्ज केले. मग कंपनीने नवे फोटो टाकणंच थांबवलं, ते २०२३ मध्ये पुन्हा सुरू केलं. आमच्याही कुणा शेजाऱ्याने अर्ज केला असणार. इमारत धडधाकट आहे, जिना तेवढा कुरकुरतो.

भाजीचे भाव बघायचे म्हणता, तर मोठ्या दुकानात मालकाच्या परवानगीशिवाय चित्रीकरण चालत नाही. म्हणून भेंडी थेट माझ्या ओट्यावरच दिसते. स्टेशनजवळच्या श्टाइनडामवर कढीपत्ता मिळतो. तिथले अफगाण दुकानदार म्हणाले, "मला खुशाल दाखव, पण गिऱ्हाईकांना नाही." इथे येऊन त्यांना किती वर्षं झाली ठाऊक नाही, पण नियम अंगात मुरलाय. खालच्या मजल्यावरच्या आजींनाही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कॅमेरा नको, कॉफीला ये. तेव्हापासून दर गुरुवारी जाते. माझ्या आठवड्यातला सगळ्यात चांगला तास तोच, आणि तो तुम्हाला कधी दिसलेला नाही. गणपतीत मराठी मंडळी जमली, तेव्हाही काही जण म्हणाले, मुलं दिसायला नकोत. त्यामुळे त्या व्हिडिओत मूर्ती, टाळ, मोदकांचं ताट आणि आरतीत वर गेलेले हात आहेत. आवाज मात्र सगळ्यांचा आहे.

'रोजचा व्हिडिओ' म्हणजे त्याच दिवसाचा, हाही गैरसमज दूर करते. दिवसा नोकरी, जाता-येता चित्रीकरण आणि जेवणानंतर कापाकापी. आठ मिनिटांच्या व्हिडिओला संध्याकाळ पुरत नाही. रात्री दहानंतर इमारतीत आवाज करायचा नसतो, म्हणून माझं बोलणं त्याआधी रेकॉर्ड करावं लागतं, तेही कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून, कारण तिथे आवाज घुमत नाही. मग दुसऱ्या दिवशीची वेळ लावून ठेवते. तुमच्या आठला तो येतो, तेव्हा त्यातला पाऊस कालचा असतो. त्यामुळे आई, "छत्री घेतलीस का" असा तुझा फोन येतो तेव्हा माझ्याकडे ऊन असतं. आणि स्वेटर एकच नाही गं. रविवारी दोन दिवसांचं एकदम करून ठेवते, म्हणून तेच स्वेटर दोनदा दिसतं. पैसे पाठवू नकोस.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. तुमच्या जेवणाच्या वेळेचा घोटाळा नको, म्हणून त्या दिवसापासून व्हिडिओ माझ्या साडेचारऐवजी साडेतीनला लावेन. डिसेंबरात चारलाच सूर्य मावळतो, सकाळी साडेआठनंतर उजाडतं. उजेड असतो तेव्हा मी ऑफिसात. अंधार दिसला म्हणून मी उदास आहे असं समजू नका. कधी कधी असतेही, पण ते अंधारावरून ओळखता येणार नाही.

बाबांना आकड्यांचं वेड. हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झालं की यूट्यूब जाहिरातींतला वाटा देतं, हे तुम्ही अख्ख्या ज्येष्ठ नागरिक संघाला सांगितलंय. पण नोकरीच्या व्हिसावर असं दुसरं उत्पन्न घ्यायला इथल्या कार्यालयाची परवानगी लागते. ती हातात पडेपर्यंत पैसे सुरू करणार नाही. संघातल्या काकांना घरी रात्रभर व्हिडिओ चालू ठेवायला सांगू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डिसेंबरात बाबांची पंचाहत्तरी. आत्या पैठणी घेऊन तयार आहे, रेल्वेतली जुनी मंडळी मिरजेला येणार आहेत आणि बाबांनी जाहीर करून टाकलंय की पोरगी सगळ्याचा व्हिडिओ करणार. शिवाय "आईचा पुरणपोळीचा वेगळा कर, लाखभर लोक बघतील." त्यावर आई काहीच बोलली नाही. मी फोनवर थांबले होते आई, तुझ्या हो-नाहीची वाट बघत. बाबा पुढे गाडीच्या आरक्षणाबद्दल बोलायला लागले.

बाबा, पुढचा परिच्छेद आईला तिचा तिला वाचू द्या. चष्मा देवघराच्या फळीवर असेल.

आई, परक्या गावातल्या अनोळखी माणसाला मी विचारते, मग तुला न विचारता तुझा चेहरा कसा दाखवू? तू गप्प राहिलीस ते दातांमुळे, की कानातल्या यंत्रामुळे, की तुला नुसताच कंटाळा आहे, हे मला कळलेलं नाही आणि तू सांगायलाच हवं असंही नाही. नको तर नको. मग पुरण वाटताना फक्त हात घेऊ, किंवा तेही नको, दोघी मिळून पोळ्या करू आणि फोन आतल्या खोलीत ठेवू. हो म्हणालीस, तर टाकण्याआधी तू बघायचंस. नंतर कधीही नकोसं वाटलं तर मी काढून टाकीन, आत्या कितीही रुसली तरी. वर 'बाबा म्हणाले म्हणून' हे कारण मी धरणार नाही. बुधवारी बाबा संघात जातात, तेव्हा साडेपाचला तुला फोन करते. स्पीकर लावू नकोस.

बाबा, तुमचीही परवानगी मी गृहीत धरलेली नाही बरं का. सत्काराचं भाषण पूर्ण घ्यायचं की त्यातला बदलीचा किस्सा गाळायचा, तेवढं कळवा. त्यातले एक साहेब समोरच बसलेले असतील.

येताना खालच्या आजींसाठी काय आणू, तेही सुचवून ठेवा. त्यांना गोड फार चालत नाही.

तुमची,
धाकटी