पाटल्या विकलेल्या नाहीत

ठाणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी मुख्य ते सांगते, कारण फोनवर मला मधेच थांबवाल. आंब्याची खालची कलमं विकायची नाहीत. बाबांनी फोनवर ज्यांच्याकडून कर्ज घेतलं, त्यातल्या तीन ॲपवाल्यांचे पैसे मी परवा भरून टाकले. त्यासाठी लग्नातल्या पाटल्या इथल्या बँकेत तारण ठेवल्या. विकल्या नाहीत गं आई, तारण ठेवल्यात. सोनाराने माझ्यासमोर वजन केलं, पाकीट सील झालं, पावती माझ्याकडे आहे. ह्यांना आधी विचारलं, सासूबाईंनाही सांगितलं. बँक जास्त देत होती, मी लागतील तेवढेच ७५,००० उचलले. व्याज साडेनऊच्याही आत, सव्वानऊ टक्के; म्हणजे महिन्याला ५७८ रुपये.

बाबा, आता ॲपचा हिशेब बघा. कागदावर दहा हजार, हातात आले ८,५००, कारण १,५०० ‘प्रोसेसिंग’चे आधीच कापले. पंधरा दिवसांनी परत द्यायचे १०,१५०. तुम्ही म्हणालात, व्याज दीडशेच तर आहे. पण साडेआठ हजार पंधरा दिवस वापरायला १,६५० गेले, वर्षाच्या दराने ते ४७२ टक्के होतात. वर ते ‘मुदत वाढवा’चं बटण. ते दाबलं की पुन्हा १,६५० जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. दहा हजारांवर महिन्याला ३,३००, आणि माझ्या पंचाहत्तर हजारांवर ५७८. म्हणून पाटल्या. तुम्हीच मला वहीत ‘आले’ आणि ‘गेले’ असे दोन रकाने पाडायला शिकवलंत; त्या ॲपने ‘गेले’चा रकाना तुम्हाला दाखवलाच नाही. यात शरमायचं काही नाही. फवारणीचं औषध, गड्यांची मजुरी, राखणदार, सगळं थंडीत एकदम उभं राहतं आणि आंबा विकल्याची पहिली पट्टी, म्हणजे पैसे, हातात पडायला एप्रिल उजाडतो. त्या चार महिन्यांत कोणीही हेच केलं असतं.

काय कुठे भरलं ते लिहून ठेवा. पंधरा दिवसांवाल्याचे १०,१५०. हप्तेवाले दोन होते, एकाचे ३१,८६० आणि दुसऱ्याचे २४,३००, मुदतीआधी बंद करायचा आकार धरून. एकूण ६६,३१०. उरलेले ८,६९० फवारणीला, आईच्या खात्यात टाकलेत. भरताना आधी कंपनीकडून त्या तारखेचं बाकीचं पत्रक ईमेलवर मागवलं आणि त्यात दिलेल्या खात्यातच पैसे भरले. वसुलीवाला मुलगा स्वतःचा यूपीआय नंबर देऊन ‘इथे टाका, लगेच बंद करतो’ म्हणत होता. असल्याला दिलेले पैसे कर्जखात्यात दिसतच नाहीत आणि मग दोनदा भरावे लागतात. एक कंपनी म्हणत होती, थोडं कमी भरा, ‘सेटलमेंट’ करू. मी नाही म्हटलं. तसं केलं की सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या, नोंदीत ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढे पीककर्ज मागताना बँक त्यावरच बोट ठेवते. तिघांकडून कर्ज फिटल्याचं पत्र मागवलंय. ते येईपर्यंत बाबा, ॲप काढून टाकू नका. नुसत्या परवानग्या बंद करा. सेटिंगमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट, फोटो, मेसेज, तिन्ही बंद. शेजारच्या पोराला दाखवायला सांगा, पण फोन त्याच्या हातात सोडून आत जाऊ नका. पत्रं आली की मी सांगेन, मग बँकेत जाऊन खात्यावरचं ऑटो-डेबिट रद्द करायचं. ते आपोआप रद्द होत नाही. कर्ज फिटल्यावरही हप्ता कापला जाऊ शकतो आणि खात्यात पैसे नसले तर बँक वर हप्ता परत गेल्याचा दंड लावते. म्हणूनच महिन्याचे पैसे आईच्या खात्यात. बाबा, यात विश्वासाचा प्रश्न नाही हो, फक्त तुमच्या खात्याला अजून ती भोकं आहेत.

चौथं ॲप, ज्याने वाडीत फोन केले, त्याला मी एक पैसा दिलेला नाही आणि तुम्हीही द्यायचा नाही. हातात मिळाले ५,१००, आणि तुम्ही आतापर्यंत नऊ हजारांच्या वर भरलेत. कर्ज नेमकं कोणत्या बँकेचं किंवा वित्तकंपनीचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. नोंदणीकृत असतं तर आधी दरपत्रक द्यावं लागलं असतं, वर्षाचा खरा दर त्यात छापावा लागला असता. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर आणि फोटो घ्यायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. यांनी दोन्ही घेतले. सायबर पोर्टलवर तक्रार केली आहे, क्रमांक ह्या पत्राच्या मागे लिहिलाय. ती प्रत घेऊन बाबांनी एकदा पोलीस ठाण्यात जाऊन यायचं. एकट्याने नाही, धाकट्या काकांना घेऊन. धमकीचे मेसेज पुसू नका, तोच पुरावा आहे. ‘अटक वॉरंट निघालंय’ म्हणून कागद पाठवतील. कर्ज थकलं म्हणून पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, असली अटक कायद्यात नाहीच. पुन्हा छळ झाला तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, फोन लावा. नोंदणीकृत कंपनीच्या वसुलीवाल्यालाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा नाही. कोणी केलाच तर वेळ आणि नंबर कॅलेंडरवर लिहा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत निकाल लागला नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, ते मी करेन.

आई, तू अनोळखी नंबर उचलू नकोस. कोणी तोंडावर विचारलंच तर सांग, बाबांच्या फोनमधले नंबर चोरीला गेलेत, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. हे खोटं नाही. मुंबईच्या मंडळींना मी तसं कळवलंय.

आता बागेचं. वाशीच्या दलालाकडून आगाऊ उचल घ्यायची नाही. ती बिनव्याजी वाटते, पण पेटी त्यालाच द्यावी लागते आणि भाव तो सांगेल तो. त्यापेक्षा पीककर्ज घेऊ. तीन लाखांपर्यंत सात टक्के आणि वेळेत फेडलं तर तीन टक्क्यांची सवलत, म्हणजे चारच पडतात. दोन लाखांपर्यंत जमीन गहाण लिहून द्यावी लागत नाही. अडचण ती जुनीच, सातबारा सामाईक. बँक सगळ्या नावांची संमती मागेल. मोठ्या काकांची सही मी इथेच डोंबिवलीला जाऊन घेते, तुम्ही त्यांना फोन करू नका, विहिरीच्या वेळेसारखं होईल. तुम्ही फक्त तलाठ्याकडून ताजा सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा. पाटल्यांचं मुद्दल पट्ट्यांतून फेडू, पेटीचा आंबा आधी, उरलेलं मे महिन्यातल्या कॅनिंगच्या आंब्यातून. मोहोर गळला तर? तर माझ्या पगारातून. त्याची काळजी तुम्ही करायची नाही.

घरात काही कमी करायचं नाही. दूध चालू राहू दे, पेपरही. सिलिंडर मी इथून बुक करते. इन्व्हर्टरची बॅटरी दिवाळीनंतर बदलू. आई, तू रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतेस हे वहिनीने सांगितलं. रोज घ्यायची! आठ-दहा रुपये वाचवायला ही जागा नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या पाठवल्यात, रिकामी पाकिटं जपून ठेव, मी आल्यावर मोजणार आहे. बाबा, मासळी आणायला चालत जाऊ नका, रिक्षाने जा. आणि रात्री पडवीत फोन घेऊन बसत जाऊ नका. झोप नाही आली तर मला लावा, किती का वाजलेले असोत.

कोकमाच्या आगळाच्या बाटल्या एसटीने पाठवू नका, मागच्या वेळी सगळी पिशवी लाल झाली होती. आठ-अ आणि सातबारा मात्र स्पीड पोस्टाने, याच आठवड्यात.

तुमची,
बाय

ता. क. ‘सिबिल दुरुस्त करून देतो, दोन हजार भरा’ म्हणून आता फोन येतील. चूक असली तर दुरुस्ती फुकट होते आणि अहवालही वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो मी दोन महिन्यांनी काढते. ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, जावई म्हणून बोलला तरी.