दुरुस्त होऊन आलेल्या हेडफोनबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: दुरुस्तीनंतर हेडफोनच्या दोन्ही बाजूंना एकच आवाज येत असल्याबाबत, आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा मान्य नसल्याबाबत.

महोदय/महोदया,

तुमच्या कंपनीचा वायरचा हेडफोन मी गेल्या नोव्हेंबरात ४,२०० रुपयांना घेतला. जूनमध्ये पिनेपाशी वायर ढिली झाली, म्हणून वॉरंटीत दुरुस्तीला दिला. अकरा दिवसांनी नवी पिन बसवून परत मिळाला. त्या दिवसापासून डाव्या आणि उजव्या कानात अगदी तोच आवाज येतो आहे. मी तो दोनदा परत नेला. दोन्ही वेळा काउंटरवरच्या मुलाने एक गाणं लावलं, आळीपाळीने दोन्ही कप कानाला लावले आणि लिहून दिलं, ‘दोन्ही बाजू चालू. दोष आढळला नाही.’ दुसऱ्या खेपेला तपासणीचे ३५० रुपयेही घेतले.

आवाज दोन्हीकडून येतो, हे मलाही मान्य आहे. पण डावीकडे वेगळं आणि उजवीकडे वेगळं असं काही उरलेलंच नाही.

हे माझ्या लक्षात आलं ते अमेरिकन गायक-गीतकार एलियट स्मिथच्या ‘आयदर/ऑर’ या अल्बममुळे. १९९७ साली ‘किल रॉक स्टार्स’ या रेकॉर्ड कंपनीने काढलेला, बारा गाण्यांचा, सदतीस मिनिटांचा अल्बम. मी तो कित्येक वर्षं रात्री झोपण्यापूर्वी ऐकते, त्याच क्रमाने. अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात, बराचसा घरांमध्येच, या माणसाने तो ध्वनिमुद्रित केला आणि जवळजवळ सगळी वाद्यं स्वतःच वाजवली. त्याची रीत अशी होती, की एकदा गायलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून गायची आणि दोन्ही आवाज एकावर एक ठेवायचे. गिटारही अनेकदा दोनदा वाजवायची, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्ही खेपा हुबेहूब कधीच जुळत नाहीत. गवयाच्या मागे दोन तानपुरे लावतात तेव्हा दोघांच्या मध्ये जे भरून राहतं, तसं काहीतरी इथे होतं. तुमच्याकडून परत आलेल्या हेडफोनमध्ये दोन्ही तानपुरे एकाच जागी रचून ठेवल्यासारखे वाटतात.

पहिल्या ‘स्पीड ट्रायल्स’मध्ये मला नुसता संशय आला. दुसरं ‘अलामेडा’. हे पोर्टलँडमधल्या एका रस्त्याचं नाव. गाण्यातला माणूस फरसबंदीच्या भेगा बघत, मित्रांचा विचार करत त्या रस्त्याने चालत राहतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जी मोकळी जागा ऐकू यायची ती गेली. ‘बॅलड ऑफ बिग नथिंग’लाही तेच.

चौथं ‘बिट्वीन द बार्स’. या गाण्यासाठी मी तुम्हाला हे पत्र लिहिते आहे असं म्हटलं तरी चालेल. तीन-तीन मात्रांच्या संथ डोलावर गिटार आणि आवाज, दुसरं जवळपास काही नाही. दारूच पिणाऱ्याशी बोलते आहे, त्याला जवळ घेऊन समजावते आहे, असं मला ते नेहमी वाटत आलं आहे. स्मिथ कुजबुजल्यासारखं गातो, आणि दोन आवाज असल्यामुळे ती कुजबुज एका माणसाची राहत नाही, सगळीकडून वेढते. आता समोरून एकच माणूस हळू आवाजात गातो आहे इतकंच ऐकू येतं. सूर तेच, शब्द तेच, पण वेढणारं काही नाही. त्या रात्री मी ते पाच वेळा लावलं.

‘पिक्चर्स ऑफ मी’ आणि दहावं ‘क्युपिड्स ट्रिक’ ही जोरकस गाणी आहेत. त्यांत मला फारसा फरक जाणवला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. तुमच्या काउंटरवर असंच एखादं गाणं लावलं असेल, तर त्या मुलाला दोष सापडला नाही याचं मला नवल वाटत नाही. ‘नो नेम नंबर ५’, ‘रोझ परेड’ आणि ‘पंच अँड जुडी’ ही तीन मी तुमच्या हेडफोनवर पुन्हा लावलीच नाहीत. ‘रोझ परेड’मधल्या मिरवणुकीत झिंगलेला एक ट्रम्पेटवाला साध्या ओळीही चुकवतो. ती मिरवणूक मला रस्त्याच्या एका कडेला उभं राहून बघायची असते, बंद खोलीतून नाही.

नववं ‘अँजेलिस’. बोटांनी छेडलेली गिटार यात इतकी जलद आहे की एकेक तार सुटी ऐकू आली तरच तिची नक्षी कळते. इथे तिचा गुंता झाला. अकरावं ‘२:४५ एएम’ बराच वेळ गिटार आणि आवाजावर चालतं आणि शेवटाकडे ड्रम येतात. ते येतात तेव्हा भिंत मागे सरकल्यासारखं वाटायचं. आता आवाज फक्त मोठा होतो.

या माणसाकडे गाण्यांचा तुटवडा नव्हता. १९९४ ते १९९७ या काळातली त्याची आणखी २४ गाणी, त्याच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये ‘न्यू मून’ या नावाने निघाली. इतक्या गाण्यांतून बारा निवडून त्यांवर त्याने एवढी मेहनत घेतली. ती माझ्यापर्यंत पोचावी म्हणून मी तुमचं उपकरण विकत घेतलं.

आता तांत्रिक बाजू. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाचा तोल पूर्ण डावीकडे नेला, तरी उजव्या कानात गाणं चालूच राहतं. त्याच फोनला माझे जुने इअरफोन लावले की उजवा कान शांत होतो. म्हणजे फोन ठीक आहे. नव्या पिनेत डाव्या आणि उजव्या वायरचे डाग (सोल्डरचे जोड) एकमेकांना चिकटले असावेत, असं मला वाटतं. पिन उघडून पाहिली तर पाच मिनिटांत कळेल.

माझ्या मागण्या अशा: पिन पुन्हा नीट बसवून द्यावी, किंवा हेडफोन बदलून द्यावा. ३५० रुपये परत करावेत. ‘दोष आढळला नाही’ हा शेरा रद्द करून तसं लेखी द्यावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवेन.

आणखी एक विनंती. या वेळची तपासणी माझ्यासमोर व्हावी आणि त्यासाठी अल्बममधलं शेवटचं ‘से येस’ लावावं. एक गिटार आणि स्मिथचा आवाज, बाकी काही नाही. गाणं सव्वादोन मिनिटांचं आहे. आधी माझ्या जुन्या इअरफोनवर ऐकावं, मग तुमच्या हेडफोनवर. जुने इअरफोन मी सोबत आणेन.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, दुरुस्तीची पावती आणि दोन्ही तपासणी शेऱ्यांच्या प्रती.