कोरीव रेघा बघायच्या तर खडू नको, बॅटरी घ्या

संपादक महोदय,

श्रावणात खरोसा, धाराशिवच्या लेण्यांकडे पावलं वळतात आणि झिजलेली शिल्पं फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरवणं, पाणी मारणं सुरू होतं. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या गुहांचंही दुखणं हेच. तिथलं काम आपल्यासारखं भव्य नाही. गुहेच्या तोंडाशी, उजेड पोचतो तिथवर, चुनखडीत एक गोल, डोळ्यांचे दोन खड्डे, तोंडाची एक चीर, झाला चेहरा. पण सूर्य-चंद्र गुहेतूनच बाहेर आले असं मानणाऱ्यांचं ते देवघर.

खडूची पूड दगडाच्या छिद्रांत बसते. पुसायला जावं तर पुडीबरोबर दगडाचे कणही सुटतात. खरोशाचा जांभा तर सच्छिद्र, ओल धरणारा. शिवाय खडूवाला रेघ ओढतो ती त्याला वाटली तशी; नंतरचा माणूस मूळ कोरीव सोडून त्याची चूक वाचत बसतो. पाण्याने आतले क्षार वर येऊन पापुद्रे सुटतात. तेल-शेंदरावर धूळ, काजळी चिकटते ती वेगळीच.

त्यापेक्षा साधी बॅटरी घ्या. उन्हाची तिरीप असेल तर छत्रीची सावली करा. बॅटरी दोन-तीन फुटांवरून, भिंतीशी 10 ते 15 अंशांत, बाजूने धरा. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. मोबाइल स्टँडवर स्थिर ठेवून डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून उजेड टाकत चार फोटो काढा. उजेडाच्या दिशेने जाणारी रेघ एका फोटोत हरवते, दुसऱ्यात सापडते. मापासाठी पट्टी शेजारी धरा, दगडाला टेकवू नका.

कुणी आधीच रंग फासला असेल तर घासू नका, थिनर तर नकोच. निजाम सरकारने 1920च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांना लावलेलं शेलॅक (लाखेचं वार्निश) पुढे काळवंडलं. तज्ज्ञांची ही गत, तर आपण चिंधी घेऊन कशाला उभं राहायचं? फोटो काढून राखणदाराला दाखवावा.

केंद्र संरक्षित स्मारकाला इजा केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे लेण्याच्या दाराशी ठळक मराठीत लिहावं, बॅटरी कशी धरायची त्याचं चित्र शेजारी काढावं आणि राखणदाराकडे दोन चांगल्या बॅटऱ्या द्याव्यात. पुरातत्त्व खात्याला हा खर्च जड नाही.

– काही लेणी अभ्यासक, लातूर