काच, पक्ष्याच्या बाजूने

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फोटोमालिकेचा आराखडा वाचला. गॅस मास्क घातलेलं हरीण, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मुलगी, पट्ट्यांच्या जागी बारकोड असलेला वाघ. मेहनत दिसते, पण खरं सांगू? यातल्या एकाही चित्रापाशी कुणी थांबणार नाही. माणूस वाईट, प्राणी बिचारे, हे पाहणाऱ्याला आधीच पाठ असतं. तो मान डोलावतो आणि पुढे सरकतो.

यादीच्या तळाशी, घाईत लिहिल्यासारखी एक ओळ आहे: काचेवर आपटणारे पक्षी. बाकी सगळं बाजूला ठेव आणि ही धर. इथे कुणी बंदूक उचललेली नाही, कुणाचं पक्ष्यांशी वैर नाही. खिडकीतून छान दिसावं, घरात उजेड यावा, एवढीच हौस. पक्ष्याला काच दिसतच नाही, त्याला काचेतलं झाड दिसतं आणि तो त्या झाडाकडे निघतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की एकट्या अमेरिकेत दरवर्षी 36.5 कोटी ते 98.8 कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात. आणि बळी उंच मनोऱ्यांपेक्षा साध्या, बुटक्या इमारतींवर जास्त जातात, कारण त्यांची संख्याच अफाट.

आता हे दाखवायचं कसं? तुझा पोलरायझर, म्हणजे लेन्सवर फिरवून काचेवरची चमक कमी-जास्त करणारा फिल्टर, बाहेर काढ. एकच खिडकी, एकच जागा, ट्रायपॉड हलवायचा नाही. फिल्टर एका बाजूला फिरवलास की काचेत झाड आणि आभाळ भरून येतं. हे पक्ष्याला दिसणारं. तोच फिल्टर फिरवत नेलास की झाड विरघळतं आणि आतली खोली उघडी पडते: खुर्ची, टेबल, कुणीतरी पाठमोरं बसलेलं. दोन चौकटी शेजारी शेजारी लाव. मात्र काचेच्या अगदी समोर उभी राहिलीस तर फिल्टर काही करणार नाही. काचेला लंब असलेल्या रेषेपासून साधारण 55 अंश बाजूला सरक, तिथे प्रतिबिंब सर्वांत चांगलं कापलं जातं. आत दिवे लाव, नाहीतर झाड गेल्यावर नुसता काळोख उरेल. एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) दोन्ही हाताने लॉक कर. आणि कॅमेरा तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर नको, समोरच्या फांदीच्या उंचीवर ने.

कबुतर किंवा होला जोरात आपटला की कधी कधी काचेवर पांढुरका ठसा राहतो. त्यांच्या पिसांवर बारीक भुकटी असते, तीच चिकटते. नीट पाहिलंस तर पंखाचं एकेक पीस वेगळं ओळखू येतं. असा ठसा सापडला तर मागे काळं कापड धर आणि उजेड अगदी तिरका, काचेला घासून जाईल असा टाक. नाही सापडला तर पावडर लावून बनवायला माझी हरकत नाही, पण मग फोटोखालच्या ओळीत तसं स्पष्ट लिही. 2009 च्या एका मोठ्या वन्यजीव स्पर्धेत कुंपणाच्या फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि पुढच्याच वर्षी ते काढून घेतलं. उलट ख्रिस जॉर्डन या अमेरिकी छायाचित्रकाराने पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर मेलेल्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांच्या पोटातलं प्लास्टिक टिपलं, तेव्हा एक तुकडाही हलवला नाही आणि तसं जाहीर सांगितलं. म्हणून ती चित्रं अंगावर येतात. मांडणी करणं वाईट नाही, लपवणं वाईट.

पक्षी आपटेल म्हणून कॅमेरा रोखून बसायचं नाही, हे सांगायला नको. आणि भोवळ येऊन पडलेला दिसला तर आधी हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेव आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या कुणाला तरी फोन कर. फोटो राहू दे.

काम झालं की त्या काचेवर बाहेरच्या बाजूने ठिपके चिकटव, दर 5 सेंटिमीटरवर एक, पूर्ण काचभर. ससाण्याची एकच काळी आकृती डकवून भागत नाही, पक्षी तिला वळसा घालून शेजारच्या काचेवर आपटतात. ठिपके लावलेल्या काचेची तिसरी चौकट घ्यायची का, ते तू ठरव. मला विचारशील तर घे, दिसायला रटाळ असली तरी.

तुझा,
बाबा