शेतातल्या प्लास्टिकला कायद्यात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्लास्टिक कचऱ्याच्या कायद्यात दुरुस्ती करायचा विषय निघाला की चर्चा कॅरीबॅग, पाण्याची बाटली आणि शहरातला कचरा डेपो यांच्याभोवतीच फिरते. खान्देशात प्लास्टिकचा मोठा साठा शेतात आहे: ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा पातळ कागद), केळीच्या घडावरच्या पिशव्या, आधाराची सुतळी, रोपांच्या पिशव्या आणि कीडनाशक औषधांच्या बाटल्या. वापर संपल्यावर यातल्या बहुतेक वस्तू कोणी परत न्यायच्या, याचे उत्तर 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत नाही. ते त्या नियमांत लिहिले जावे, यासाठी हे पत्र.

आधी वजनाचा अंदाज घेऊ. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागात पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरी सुमारे 1,740 झाडे बसतात. ओळीला एक नळी धरली तरी एकरात 2,650 मीटर लॅटरल (ओळीतून जाणारी ठिबकची नळी) लागते. 16 मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर जाडीची नळी मीटरला 43-44 ग्रॅम भरते. म्हणजे एका एकरात साधारण 115 किलो प्लास्टिक नुसत्या नळ्यांचे. पातळ नळी घेतली तर वजन निम्म्यावर येते, पण ती बदलावीही लवकर लागते. ओळीला दोन नळ्या असतील तर हिशेब दुप्पट. शिवाय प्रत्येक टिश्यू रोपामागे एक पिशवी, निर्यातीच्या बागेत प्रत्येक घडाला झाकणारी एक स्कर्टिंग बॅग, आणि वादळात झाड पडू नये म्हणून बांधलेली प्लास्टिकची सुतळी. टरबुजाला सहा-सहा फुटांवर घातलेल्या गादीवाफ्यांवर 25 मायक्रॉनचा, 1.2 मीटर रुंदीचा मल्चिंग पेपर अंथरला तर एकराला 400 मीटरचे साडेपाच रोल, म्हणजे साठ-पासष्ट किलो कागद जातो. नळ्या काही वर्षे टिकतात, हा कागद एका-दोन हंगामांत संपतो.

या सगळ्या मालाचे पुढे काय होते, ते भंगाराच्या भावावर ठरते. जुन्या लॅटरलला भाव आहे. भंगारवाला बांधावरून उचलतो, कारखान्यात ती कापली, धुतली जाते आणि तिचा काळा दाणा, म्हणजे नव्या वस्तूंचा कच्चा माल होतो. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद आणि खताची गोणीही कुठे ना कुठे खपतात. जळगावात जुन्या प्लास्टिकचा दाणा करून त्यावर चटईसारखे उद्योग उभे राहिलेले आहेत, त्यामुळे या कामाची माहिती असलेले हात जिल्ह्यातच आहेत. अडचण येते ती मिसळलेल्या मालात. लॅटरल पॉलिथिनची, तिला पाणी पुरवणारी सबमेन पीव्हीसीची. दोन्ही एकत्र वितळवली तर पीव्हीसी आधी करपते, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, यंत्राचा स्क्रू आणि डाय खराब होतात आणि पूर्ण घाणा वाया जातो. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुकडा पाण्याच्या बादलीत टाकावा, पॉलिथिन तरंगते, पीव्हीसी बुडते. दाब-नियंत्रित ड्रिपरमध्ये सिलिकॉनची चकती असते, तीही दाण्यात खडा होऊन राहते. म्हणून नळी गुंडाळताना जॉइनर, एंड कॅप, पीव्हीसीचे तुकडे आणि तार शेतातच वेगळे काढले तर त्याच मालाला चांगला भाव मिळतो.

मल्चिंग पेपर, स्कर्टिंग बॅग आणि सुतळी यांना भाव नाही. कागद काढताना त्याच्या वजनाइतकी माती, वेली आणि मुळ्या चिकटून येतात. धुण्याचा खर्च दाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून कारखानदार तो घेत नाही. शेतकऱ्याच्या हाती दोनच वाटा उरतात: बांधावर पेटवणे किंवा रोटाव्हेटर फिरवणे. रोटाव्हेटरने कागदाचे बोटभर तुकडे होऊन मातीत कायमचे मिसळतात. सुतळी तर रोटाव्हेटरच्या शाफ्टला गुंडाळते, बेअरिंगच्या तोंडाशी आवळत जाते, ऑइल सील फाटते आणि तेल गळू लागते. त्या दुरुस्तीचा भुर्दंड शेतकरी दरवर्षी भरतो. पेटवण्याने प्रश्न सुटत नाही. उघड्यावर हे प्लास्टिक अर्धवट जळते, काळा धूर निघतो, आणि ढिगात पीव्हीसीचा तुकडा असेल तर डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये तयार होतात.

कागद धड निघावा असे वाटत असेल तर शेवटचे पाणी देऊन झाल्यावर वाफा दोन-तीन दिवस सुकू द्यावा, वेली बुंध्याशी कापून बाजूला कराव्यात, दोन्ही कडांची माती फावड्याने मोकळी करावी आणि मग कागद उचलून, झटकून गुंडाळावा. ओला कागद घडी घालून ठेवला की माती त्यातच वाळते. हे सगळे करूनही कागद मुळात पातळ असेल तर हातात चिंध्याच येतात. इथे कायद्याची उणीव उघडी पडते. कॅरीबॅग किमान 120 मायक्रॉनची असावी असे 31 डिसेंबर 2022 पासून बंधन आहे, पण जो कागद थेट मातीवर अंथरायचा त्याची किमान जाडी हे नियम सांगत नाहीत. चीनमध्ये 8 मायक्रॉनचे कागद शेतातून काढता येईनात, तेव्हा 2018 पासून किमान 10 मायक्रॉनची जाडी सक्तीची केली गेली. आपल्याकडे 25 मायक्रॉनखालचा मल्चिंग पेपर विकायला बंदी हवी, आणि कडेला ठरावीक अंतरावर कंपनीचे नाव, मायक्रॉन, महिना व वर्ष छापलेले हवे. लॅटरलवर अशी छपाई असतेच, त्यामुळे हे अवघड नाही.

आता औषधांच्या बाटल्यांविषयी थोडे सविस्तर, कारण धोका सर्वांत जास्त तिथे आहे. कीटकनाशक नियम, 1971 मधला नियम 44 सांगतो की वापरलेली वेष्टने, उरलेले औषध आणि धुण्याचे पाणी यांची सुरक्षित विल्हेवाट लावणे ही उत्पादक आणि वापरणारे यांची जबाबदारी आहे. वेष्टने उघड्यावर टाकू नयेत, फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. त्या काळी औषध प्रामुख्याने पत्र्याच्या डब्यात आणि काचेच्या बाटलीत येई. आज ते प्लास्टिकच्या बाटलीत येते, आणि ती जमिनीत कुजत नाही. पुरायचे तरी कुठे? सातपुड्याच्या पायथ्याचा गोटे-वाळूचा पट्टा हाच यावल-रावेरच्या विहिरींचा पुनर्भरणाचा भाग आहे. वस्तीपासून दूर म्हणून तिथे बाटल्या पुरल्या तर औषधाचा अंश विहिरींच्या पाण्याच्या वाटेवरच ठेवल्यासारखे होते. हा नियम पाळणारा शेतकरीसुद्धा नकळत नुकसान करतो, म्हणून पुरण्याची तरतूद काढूनच टाकली पाहिजे.

बाटली ही मात्र ‘वेष्टन’ आहे, त्यामुळे 2022 मध्ये आलेल्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या (वापरून झालेल्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर) चौकटीत ती बसते. कडक प्लास्टिकच्या पहिल्या वर्गासाठी पुनर्प्रक्रियेचे लक्ष्य 2024-25 मध्ये 50 टक्के होते, 2027-28 पर्यंत ते 80 टक्के होणार आहे. ऐकायला हे समाधानकारक वाटते. पण हे लक्ष्य दुसऱ्याने केलेल्या पुनर्प्रक्रियेचे प्रमाणपत्र विकत घेऊन पूर्ण करता येते आणि प्रमाणपत्र फक्त वर्ग पाहते. एखाद्या महानगरात शाम्पूच्या बाटल्या गोळा झाल्या, त्यांचे प्रमाणपत्र औषध कंपनीने घेतले, तरी कागदोपत्री जबाबदारी पुरी होते. शिरपूरच्या कपाशीत पडलेली बाटली तिथेच राहते. कीडनाशकांच्या वेष्टनांसाठी वेगळा उपवर्ग करावा आणि त्याची पूर्तता फक्त कीडनाशकांच्याच वेष्टनांतून, आणि ज्या राज्यात विक्री झाली त्याच राज्यातून व्हावी, एवढी दुरुस्ती केली तरी कंपन्यांना गावापर्यंत यावे लागेल.

ब्राझीलने 2000 साली 9974 क्रमांकाचा कायदा करून नेमके हेच केले. शेतकऱ्याने बाटली तीनदा धुवायची, भोक पाडायचे आणि खरेदीपासून एका वर्षात परत करायची. कुठे परत करायची ते दुकानदाराने बिलावर लिहायचे. तिथून उचलून पुढची विल्हेवाट उत्पादकाने लावायची. तिथे नव्वद टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात. यात प्रत्येकाचे काम वेगळे वाटून दिलेले आहे आणि परत करण्याची जागा बिलावर लिहिलेली आहे, म्हणून ते चालते. आपल्याकडे 2018 च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे परताव्याची तरतूद होती. पिशव्या साठवायच्या कुठे आणि दुकानदाराला पैसे कोण देणार, हे ठरले नाही आणि ती तरतूद कागदावर राहिली.

तीनदा धुण्याचेही एक तंत्र आहे. बाटली पंपात रिकामी झाली की अर्धा मिनिट उलटी धरून निथळू द्यावी. मग पाव बाटली स्वच्छ पाणी घालून झाकण घट्ट लावावे, अर्धा मिनिट हलवून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. असे तीन वेळा. हे त्याच वेळी व्हायला हवे. संध्याकाळपर्यंत ठेवली की औषध आतल्या बाजूला वाळून बसते आणि नंतर कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. झाकणाचे आटे आणि फॉइलच्या सीलखालची कड इथे औषध हमखास राहते. झाकण बहुधा वेगळ्या प्लास्टिकचे असते, म्हणून ते वेगळे ठेवावे. शेवटी तळाला भोक पाडावे, म्हणजे त्या बाटलीत कोणी तेल किंवा रॉकेल भरणार नाही. पावडरीच्या पुड्या बहुपदरी असतात, त्यांचा दाणा होत नाही. त्या आणि न धुतलेल्या बाटल्या वेगळ्या गोळा करून सिमेंट भट्टीत जाळण्याखेरीज सध्या चांगला मार्ग नाही, आणि तो खर्च कंपनीनेच केला पाहिजे.

दंडाच्या बाजूला तर गणित उलटे बसले आहे. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमाचे कलम 15 बदलले. पाच वर्षांपर्यंतची कैद गेली, तिच्या जागी किमान 10 हजार आणि कमाल 15 लाख रुपयांची शास्ती आली. ती ठरवणारा अधिकारी केंद्रात सहसचिव किंवा राज्यात सचिव दर्जापेक्षा खालचा असत नाही. प्लास्टिकचे नियम याच अधिनियमाखाली येतात. म्हणजे दोन एकर टरबुजाचा कागद बांधावर टाकणाऱ्याला किमान 10 हजार लागू शकतात, आणि तो कागद बनवणाऱ्यावर मात्र परत घेण्याचे बंधनच नाही. गावातली तक्रार मंत्रालयातल्या सचिवापर्यंत पोचायची नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कोणालाच काही होत नाही. आमचे स्पष्ट म्हणणे असे की आधी संकलन केंद्र आणि मग दंड, हा क्रम नियमातच लिहावा. ज्या तालुक्यात केंद्र सुरू झालेले नाही तिथे शेतकऱ्यावर शास्ती नसावी. केंद्र उभारण्याची जबाबदारी उत्पादकांची, आणि ते वेळेत उभे राहिले नाही तर शास्तीही त्यांनाच.

टायर, बॅटरी, वापरलेले तेल आणि ई-कचरा यांना उत्पादक जबाबदारी लागू झालेली आहे. त्याच धर्तीवर लॅटरल, मल्चिंग पेपर, घडाच्या पिशव्या, सुतळी, शेडनेट आणि शेततळ्याचा कागद यांचा ‘शेती प्लास्टिक’ हा वेगळा वर्ग करता येईल. लक्ष्य ठरवताना सगळ्यांना एकच टक्केवारी लावू नये. लॅटरल आजही बाजार स्वतः उचलतो, तिथे फार बळ लावायची गरज नाही. मल्चिंग पेपर आणि स्कर्टिंग बॅग यांचे लक्ष्य वेगळे ठेवले नाही तर कंपन्या सोपा माल दाखवून मोकळ्या होतील.

काही गोष्टींना केंद्राच्या नियमदुरुस्तीची वाट पाहायची गरज नाही. प्लास्टिक नियमांतला नियम 7 ग्रामपंचायतींवर प्लास्टिक गोळा करून पुनर्प्रक्रियेकडे पाठवण्याची आणि उघड्यावर जाळणे थांबवण्याची जबाबदारी आजच टाकतो. ठिबकचे अनुदान त्याच क्षेत्राला सात वर्षांनी पुन्हा मिळते. नव्या संचाची तपासणी होते, जुना संच कुठे गेला हे कोणी विचारत नाही. दुसऱ्यांदा अनुदान देताना नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राची वजनपावती घ्यावी, हे राज्याचा कृषी विभाग एका परिपत्रकाने करू शकतो. तसेच कृषी सेवा केंद्राच्या बिलावर ‘रिकामी बाटली येथे परत करा’ अशी एक ओळ आणि पत्ता छापणे सक्तीचे करता येईल.

वेळापत्रकही पिकांवरून ठरवावे. टरबुजाचा कागद एप्रिल-मे मध्ये निघतो. मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीच्या) लागवडीआधी जुन्या नळ्या गुंडाळल्या जातात त्याही उन्हाळ्यातच, म्हणून बाजार समितीच्या आवारात कागद आणि नळ्यांचे संकलन मे महिन्यात, पावसाआधी व्हावे. पाऊस पडला की चिखलाने वजन वाढते आणि वाहतूक परवडत नाही. कपाशीच्या फवारण्या ऑक्टोबरपर्यंत आटोपतात, तेव्हा बाटल्यांचे संकलन नोव्हेंबरात, गावोगाव ठरलेल्या वारी. तोवर धुतलेल्या, भोक पाडलेल्या बाटल्या जाळीदार कांद्याच्या गोणीत भरून, घर आणि गोठ्यापासून लांब, सावलीत टांगून ठेवाव्यात.

आपले,
केळीपट्ट्यातील काही कृषी पदवीधर व प्लास्टिक पुनर्प्रक्रिया व्यावसायिक,
रावेर-यावल, जि. जळगाव